भिकाऱ्याचा चेहरा कोणाचा?

तळहातावर मावेल एवढा कागद. डच चित्रकार रेम्ब्रांटनं १६३० मध्ये केलेला. त्यावर उंचवट्यावर बसलेला एक भिकारी. फाटका झगा, विस्कटलेले केस, पुढे केलेला हात. तोंड उघडं. विनवतोय की खेकसतोय? मला विचाराल तर खेकसतोयच.

आता हा दुसरा कागद. त्याच वर्षी, नेदरलँड्समधल्या लायडन गावी, विशीतल्या रेम्ब्रांटनं तोंड वासून स्वतःचंच चित्र कोरलं. दोन्ही चेहरे शेजारी ठेवून बघा. भिकाऱ्याच्या धडावर चित्रकारानं स्वतःचं डोकं बसवलंय!

ही दोन्ही चित्रं म्हणजे एचिंग. तांब्याच्या प्लेटवर मेण-राळेचा पातळ थर द्यायचा आणि त्यात सुईनं चित्र ओरखडायचं. मग प्लेट आम्लात सोडायची. थर निघालेल्या जागी आम्ल तांबं खातं. त्या खाचांत शाई भरायची, वरची पुसायची, ओलसर कागद ठेवून प्रेसमधून काढायचं. मऊ थरात सुई बोरूसारखी पळते. चिंध्या, ठिगळं, खुरटी दाढी काढावी तर अशाच रेषेनं.

भिकाऱ्यांची हौस काही रेम्ब्रांटपासून सुरू झाली नाही. आजच्या फ्रान्समधल्या लोरेन प्रांतातल्या नान्सीच्या जाक कालो या चित्रकारानं १६२२च्या सुमारास भिकाऱ्यांची २५ चित्रांची मालिका केली. कोऱ्या कागदावर बहुतेक एकेकटी उभी माणसं, नाटकातली पात्रं रंगमंचावर यावीत तशी. रेषा देखणी. जरा जास्तच देखणी. रेम्ब्रांट या मालिकेतून शिकला, पण त्यानं भिकाऱ्याला जमिनीवर बसवलं.

ही चित्रं विकत घेणारे अर्थातच खाऊनपिऊन सुखी होते. त्याच काळात ॲमस्टरडॅममध्ये धडधाकट भिकारी सापडला तर त्याची रवानगी रास्पहाउस नावाच्या कोठडीत व्हायची. तिथं ब्राझीलहून आलेलं कठीण लाकूड किसायचं. त्या भुशाचा रंग कापड रंगवायला जाई. म्हणजे रस्त्यावरचा भिकारी नकोसा, चित्रातला मात्र हवाहवासा.

आणि हे रेम्ब्रांटचंच १६४८ चं एचिंग. एका घराचं दार. खालची झडप बंद, वरची उघडी. झडपेआडून घरमालक म्हातारा बाहेर आलेल्या हातावर नाणं ठेवतोय. हात एका बाईचा; पाठीवर तिचं पोर, सोबत आणखी एक मुलगा आणि एक वृद्ध. कालोच्या पात्रांसारखं कोणी मिरवत नाही. अठरा वर्षांपूर्वीच्या त्या तोंडासारखं कोणी खेकसतही नाही. सगळे जण थांबलेत, नाणं हातावर पडेपर्यंत.