फ्यूज वायरीसाठी असतो
(मोटार चालवणाऱ्यांसाठी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

हा लाल फ्यूज रांगेतून फिरवायला देतो. उजेडाकडे धरून बघा. पारदर्शक प्लॅस्टिकच्या आत जस्ताची एक बारीक वळणदार पट्टी आहे आणि ती मधोमध वितळून तुटली आहे. वर 10 लिहिलंय, म्हणजे 10 अँपिअर.

सुरुवातीला चहा घेताना मी चार-पाच जणांना विचारलं, की हा फ्यूज कशाचं रक्षण करतो? कुणी हॉर्न म्हणालं, कुणी टेप, कुणी हेडलाइटचे बल्ब. खरं तर तो रक्षण करतो वायरीचं. एवढी एकच गोष्ट आज तुमच्या मनात पक्की बसली, तरी माझं काम झालं.

आता हिशेब बघू. बॅटरी 12 व्होल्टची. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. हेडलाइटचा 60 वॅटचा बल्ब, म्हणजे 5 अँपिअर. मागचे दोन टेललॅम्प, पुढचे दोन पार्किंगचे आणि नंबरप्लेटचा एक, प्रत्येकी 5 वॅटचे धरा. एकूण 25 वॅट, म्हणजे जेमतेम 2 अँपिअर. तरीही त्या सर्किटला कितीतरी गाड्यांमध्ये 10 अँपिअरचा फ्यूज असतो. फ्यूज बल्बसाठी असता तर 3 अँपिअरचा पुरला असता. कारखान्यात ती वायर किती करंट न तापता वाहून नेईल हे बघतात, आणि त्याच्या आतला आकडा फ्यूजला देतात.

समजा फ्यूजच नाही आणि 1 चौरस मिलिमीटरची, 3 मीटर लांबीची वायर कुठेतरी घासून बॉडीला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला चिकटली. बॅटरीचं निगेटिव्ह टोक त्या पत्र्यालाच जोडलेलं असतं. एवढ्या तांब्याचा रोध साधारण 0.05 ओहम. बॅटरीचा अंतर्गत रोध धरूनही त्या वायरीतून 200 अँपिअरच्या आसपास करंट धावेल, आणि तिच्यात सुमारे 2000 वॅट उष्णता तयार होईल. तुमच्या बाथरूममधल्या गिझरइतकी. गिझरमध्ये ती उष्णता पाण्यात जाते. इथे ती डॅशबोर्डच्या मागच्या प्लॅस्टिकमध्ये आणि सीटखालच्या गालिच्यात जाते. म्हणून ही वळणदार पट्टी मुद्दाम सर्किटमधली सगळ्यात कमजोर जागा केलेली असते. जे जळायचं ते इथेच, या छोट्या डबीत जळावं.

आता त्या लाल फ्यूजची गोष्ट. तो एका शाळेच्या व्हॅनमधला आहे. पावसाळ्याचे दिवस, संध्याकाळी लवकर अंधारून यायचं, आणि टेललॅम्प मधूनच जायचे. चालकदादा फ्यूज बदलायचे. चार दिवस ठीक, की पुन्हा उडाला. शेवटी एका गॅरेजमध्ये त्यांना सांगितलं गेलं, ‘मोठा टाकून देतो, आता उडायचा नाही.’ लालच्या जागी हिरवा बसवला, 30 चा. त्यानंतर फ्यूज खरंच उडाला नाही. तिसऱ्या दिवशी मागच्या सीटवरच्या मुली म्हणाल्या, ‘काका, काहीतरी जळल्याचा वास येतोय.’

व्हॅन माझ्याकडे आली तेव्हा छताच्या पत्र्याखालून जाणाऱ्या वायरीचं आवरण हातभर लांबीत मऊ होऊन शेजारच्या वायरीला चिकटलं होतं. त्या वायरीखाली मुलं बसत होती. आपल्या जुन्या घरांत चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजमध्ये दुहेरी-तिहेरी तार घालणारे असायचे, तोच हा प्रकार. मी हे हात जोडून सांगतो. फ्यूज पुन्हा उडत असेल तर तो तक्रार करतोय, त्याचं तोंड बंद करू नका. लालच्या जागी लालच. तपकिरी साडेसातचा, निळा 15 चा, पिवळा 20 चा, पांढरा 25 चा, हिरवा 30 चा. हे रंग बहुतेक सगळ्या पात्याच्या फ्यूजना सारखेच असतात. आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवणं तर कधीच नाही.

शॉर्ट, म्हणजे वायर बॉडीला टेकलेली जागा, शोधायला मी काय केलं, ते नीट सांगतो, कारण ते कुणालाही जमेल. ब्रेकलाइटचा 21 वॅटचा बल्ब घेतला, त्याला दोन वायरी डाग देऊन जोडल्या, आणि त्यांच्या टोकांना एका उडालेल्या फ्यूजची दोन पाती लावली. हा बल्ब फ्यूजच्या जागी खोचला. त्या सर्किटवरचे सगळे बल्ब काढून ठेवले आणि लाइटचा स्विच चालू केला. आता करंटला जायला वाटच नाही, म्हणजे माझा बल्ब बंद राहायला हवा. तो लख्ख पेटला! याचा अर्थ करंट कुठेतरी मधूनच बॉडीत जातोय. यात धोका नाही, कारण बल्ब पावणेदोन अँपिअरच्या वर काही जाऊ देत नाही. फ्यूज उडत नाही, वायर तापत नाही, आणि शोधायला हवा तेवढा वेळ मिळतो.

मग हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, एकेका जागी धरून हलवत गेलो. छतापाशी काही फरक नाही. डिकीचं दार वर उचललं आणि बल्ब विझला. खाली आणलं, पेटला. तिथली रबरी नळी सरकवली, तर बिजागरीपाशी नंबरप्लेटची वायर वर्षानुवर्षं दुमडून सोलली गेली होती, आणि तांब्याच्या दोन-तीन तारा पत्र्याच्या धारेला टेकत होत्या. पावाच्या तुकड्याएवढ्या जागेत सगळं कारण. नवी वायर टाकली, जळालेला भाग पूर्ण बदलला आणि नवा लाल फ्यूज बसवला. तो अजून आहे. मात्र ही बल्बची युक्ती एअरबॅग, एबीएस किंवा इंजिनच्या कंट्रोल युनिटच्या सर्किटवर वापरायची नाही. एअरबॅगचे कनेक्टर बहुधा पिवळे असतात, त्यांना हातच लावू नका. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाडीतल्या जाड नारिंगी केबलींनाही नाही. तिथे जिवाशी गाठ आहे.

दुसरा विषय अर्थिंगचा. घरात दोन वायरी येतात, गाडीत बहुतेक ठिकाणी एकच. परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा, कारण बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. म्हणून गंजलेला एक बोल्टसुद्धा सर्किट तोडतो, आणि फ्यूज मात्र शाबूत असतो. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणतोय किंवा टेललॅम्प इंडिकेटरबरोबर लुकलुकतोय, असं कधी पाहिलंय? त्या लॅम्पचं अर्थिंग गेलेलं असतं. परतीची सरळ वाट बंद झाली, की करंट शेजारच्या बल्बच्या फिलॅमेंटमधून उलटा वाट काढतो. कोकणातल्या खाऱ्या हवेत हा दोष वारंवार सापडतो. बोल्ट सोडवायचा, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत करायचा, घट्ट आवळायचा, वरून ग्रीस. दहा मिनिटांचं काम आहे.

फ्यूजबॉक्समधले ते काळे चौकोनी ठोकळे म्हणजे रिले. हॉर्नचं बटण थेट हॉर्नचा करंट ओढत नाही. ते रिलेतल्या कॉइलला थोडासा करंट देतं, कॉइल चुंबक होते, टक असा आवाज येतो, आणि जाड वायरीचा संपर्क जुळतो. ठोकळ्याच्या बुडाशी 85, 86, 30, 87 असे आकडे दिसतील. 85 आणि 86 कॉइलचे, 30 ला बॅटरीकडून येणारा करंट, 87 वरून तो हॉर्नला जातो. हॉर्न वाजत नसेल तर शेजारचा अगदी त्याच आकड्यांचा रिले काढून तिथे लावून बघा.

जाता जाता, जादा वॅटच्या बल्बांविषयी. 60 च्या जागी 100 वॅटचा लावला की करंट 5 वरून 8.3 अँपिअरवर जातो, पण वायरीतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ती होते जवळजवळ पावणेतीन पट. होल्डर पिवळे पडून ठिसूळ होतात ते याच उष्णतेने.

बोलून जे समजत नाही ते हाताने समजतं. खाली माझी गाडी बॉनेट उघडून उभी आहे. एक फ्यूजबॉक्स बॅटरीशेजारी, दुसरा स्टिअरिंगच्या खाली. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा आहे, तो आधी वाचू. कुठल्यातरी एका सर्किटमध्ये मी मुद्दाम शॉर्ट करून ठेवलाय. बल्ब इथे टेबलावर आहे, तो घेऊन या.