पाण्याच्या मागावर पेठांतून

मित्रहो, वारसा-फेरी म्हटली की पुण्यात लोक पहाटे सहाला जमतात. रस्ते मोकळे असतात, फोटो चांगले येतात. मी मात्र तुम्हाला सकाळी अकराला बोलावणार आहे. लक्ष्मी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, मंडईच्या तोंडाशी टेम्पो अडकलेले असतात, तेव्हा या. पेठांतल्या जुन्या वास्तू माणसांच्या राबत्यासाठी बांधलेल्या आहेत. रिकाम्या गल्लीत त्या अर्ध्याच कळतात.

फिरायचं कशाच्या आधाराने? वाड्यांच्या यादीने नको. पाण्याच्या मागाने फिरू.

सुरुवात शनिवारवाड्यात. १७३० साली पाया घातला, १७३२ साली वास्तुशांत झाली आणि १८२८ च्या आगीत आतल्या इमारती गेल्या. उरले ते तट, दिल्ली दरवाजा आणि जोती. बहुतेक लोक दरवाज्याचे खिळे बघून परततात. तुम्ही आत हजारी कारंज्यापर्यंत जा. कमळाच्या आकाराचा दगडी हौद, सोळा पाकळ्या. त्याच्या काठाशी उभं राहून एकच प्रश्न विचारा : इथे पाणी आलं कुठून?

ते आलं कात्रजहून, दहा किलोमीटरच्या आसपास अंतर कापून, जमिनीखालून. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, कात्रजला तलाव बांधले गेले आणि तिथून शहरापर्यंत दगडी नळ आणला गेला. नळ म्हणजे मनगटाएवढा पाइप समजू नका. माणूस आत उतरून गाळ काढू शकेल एवढं ते भुयार आहे. ना पंप, ना मोट. सगळी करामत उताराची. उतार जास्त झाला तर पाणी बांधकाम खरवडतं, कमी झाला तर गाळ बसतो. मधे मधे हवा खेळायला आणि साफसफाईला उच्छ्वास, म्हणजे वर उघडणारी तोंडं, ठेवले. काय नेमका शब्द आहे! दगडी नळाला श्वास घेता यावा, अशी सोय करणाऱ्या माणसांनीच तो घडवला असणार. २०२४ पासून याच पेठांखालून मेट्रो धावते आहे. ते कामही मोठं आहे, पण नळाचा उतार ज्यांनी साधला त्यांच्यापाशी यंत्रं नव्हती, हे मनातून जात नाही.

या नळाचं पाणी पेठांतल्या हौदांत पडे. आज बरेच हौद बुजलेत, काही नावापुरते उरलेत. फडके हौद म्हटलं की आपल्याला चौक आठवतो, पाणी आठवत नाही. खडकवासल्याचं पाणी आलं, घरोघरी तोट्या झाल्या आणि हौदावर जायचं कारण संपलं.

फरासखान्याजवळच्या बाहुलीच्या हौदापाशी मात्र थांबा. डॉ. विश्राम रामजी घोले हे सत्यशोधक समाजातले, जोतीराव फुल्यांचे निकटचे सहकारी. त्यांनी आपल्या लेकीला, काशीबाईला, शिकवायला घेतलं. ते न रुचलेल्या आप्तांनी तिला काचा कुटून घातलेला लाडू खाऊ घातला, अशी आठवण पुण्यात सांगितली जाते. लेक गेली. बापाने तिच्या नावाने हौद बांधला, त्यावर लहान मुलीची मूर्ती बसवली. लोक तिला बाहुली म्हणू लागले. मूळ मूर्ती आता तिथे नाही. शेजारून दुचाक्या अंगाला घासून जातात. मी विद्यार्थ्यांना तिथे घेऊन जातो तेव्हा माहिती एका दमात सांगता येत नाही, मधे थांबावं लागतं.

तिथून दगडूशेठ गणपती हाकेच्या अंतरावर. समोर भिडे वाडा होता. १८४८ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा तिथे काढली. २०२३ च्या डिसेंबरमध्ये तो पाडला गेला, राष्ट्रीय स्मारकासाठी. स्मारक व्हायलाच हवं होतं. पण ज्या जिन्याने मुली वर चढल्या, तो जिना आपण आधीची कितीतरी वर्षं कुजू दिला, याची बोच मला आहे.

मंडईत मान वर करून बघा. मधला अष्टकोनी मनोरा, त्याच्यापासून फुटलेल्या आठ बाजू. खाली गाळ्यावरची बाई कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी शिंपडते, आणि वरून येणारा उजेड नेमका त्या ओल्या पानांवर पडतो. १८८६ ची ही इमारत. नगरपालिकेत सभासद असताना जोतीरावांनी या खर्चाला विरोध केला होता. पैसा शिक्षणाकडे जावा, हे त्यांचं म्हणणं. पुढे मंडईला त्यांचंच नाव दिलं गेलं. दोन्ही गोष्टी मुलांना सांगा, एक गाळून दुसरी नको.

शेवट गंज पेठेत, म्हणजे आजच्या महात्मा फुले पेठेत, फुले वाड्यात. पेशव्यांचा नळ कितीही कौतुकाचा असला, तरी सार्वजनिक पाण्याला हात लावायची मुभा सगळ्यांना नव्हती. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. शनिवारवाड्यापासून इथवर रमतगमत आलात तरी अर्ध्या-पाऊण तासाची वाट. पहिल्या दिवशी घागर घेऊन आलेली बाई दारात किती वेळ घुटमळली असेल, आत कोण ‘ये’ म्हणालं असेल, हे मी दर वेळी त्या अंगणात उभा राहून मनाशी विचारतो. तुम्हीही जा. शक्यतो पायी, आणि भर गर्दीतून.