संशयावरून

(पडद्यावर: हजेरीची जुनी नोंदवही, अंगठ्यांचे ठसे)

'चोरीच्या संशयावरून तिघे ताब्यात.' अशी बातमी आपण वाचतो आणि पान उलटतो. पण संशय कशाचा होता? त्या तिघांनी काही केल्याचा, की ते कुठल्या पालावर जन्मले याचा?

आजचा कायदा यावर स्पष्ट आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ नुसार विनावॉरंट अटक करायची तर त्या माणसाविरुद्ध तक्रार, खात्रीची माहिती किंवा 'वाजवी संशय' लागतो. जन्मावरून घेतलेला संशय वाजवी कसा ठरेल?

तो कायद्यानेच वाजवी ठरवला गेला होता. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. राजपत्रात जमातीचं नाव छापलं की संपलं, अख्खी जमातच गुन्हेगार ठरली. त्या अधिसूचनेविरुद्ध कोर्टात दाद नव्हती. सुरुवात उत्तरेत झाली, १९११ च्या कायद्यानं मुंबई इलाखाही कचाट्यात आला. पारधी, कैकाडी, कंजारभाट. नाव नोंदलं की बोटांचे ठसे घ्यायचे. मग ठरल्या वेळी हजेरी. गाव सोडायचं तर आधी कळवायचं, मग ते लग्न असो की मयत.

(पडद्यावर: सोलापूर, सेटलमेंटचा परिसर)

सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे अशा जमातींना डांबून ठेवायच्या वसाहतीत, कुटुंबंच्या कुटुंबं तारेच्या कुंपणाआड होती. तिथली माणसं गिरण्यांत राबत. सहा वर्षांवरच्या पोरांना आईबापांपासून तोडून वेगळ्या शाळेत ठेवायचा अधिकारही सरकारने घेतला होता.

या कायद्याचं कलम २४ मुद्दाम वाचावं असं आहे. ते होतं 'संशयास्पद परिस्थितीत' सापडलेल्या नोंदणीकृत माणसासाठी. चोरी झालेली असायची गरजच नाही. तो चोरीच्या बेतात होता, एवढं कोर्टाला पटलं की तीन वर्षांपर्यंत कैद. त्याच जागी, त्याच वेळी दुसऱ्या जातीचा माणूस उभा असता, तर त्याला हे कलम लागलंच नसतं.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. या जमाती विमुक्त झाल्या, म्हणून हा दिवस विमुक्त दिन. पण राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्यात १९५९ साली. कागदावर आता जमात नव्हती, फक्त व्यक्ती होती. ठाण्यातली नजर मात्र तीच राहिली, आणि आजही गावात चोरी झाली की गाडी आधी पारध्यांच्या पालाकडे वळते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतल्या जातीभेदाविरुद्ध निकाल दिला. त्यातच पोलिसांनाही बजावलं आहे, की विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानी अटक होता कामा नये. अटकेचं कारण सांगणं तर संविधानाच्या कलम २२ नुसार बंधनकारकच आहे. तेव्हा पालावर गाडी आली तर कारण विचारा, आणि ते लेखी मागा.