मंगळाच्या हवेवर उडणारं रॉकेट

ऑफिसच्या जिन्यात टांगलेला लाल सिलिंडर आठवा, काळ्या भोंग्याचा. दांडी दाबली की भोंग्यातून थंडगार पांढरा फवारा सुटतो. आत दाबाखाली द्रव झालेला कार्बन डायॉक्साइड असतो.

मंगळाची हवा बहुतांशी याच वायूची आहे, सुमारे ९५ टक्के. हवा अतिशय विरळ, दाब पृथ्वीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. पण ती ओढून पृथ्वीवरच्या हवेच्या दहापट दाबाइतकी दाबली आणि उणे ४० अंशांवर ठेवली, की टाकीत द्रव जमतो.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मार्टिन मारिएटा कंपनीतले अभियंते रॉबर्ट झुब्रिन यांनी सुचवलं, की हा द्रव थेट अणुरॉकेटमध्ये वापरावा.

अणुरॉकेटमध्ये काही जळत नाही. अणुभट्टी तापते, तिच्यातून जाणारा वायू फुगतो आणि नॉझलमधून मागे सुटतो. उष्णता युरेनियमची, वायू कोणताही चालतो. अशा भट्ट्या नेवाडाच्या वाळवंटात खरोखर चालल्या आहेत. १९६८ साली फीबस-२ए ही भट्टी सुमारे १२ मिनिटं ४,००० मेगावॉटच्या वर धडधडत होती. तिच्यातून जात होता हायड्रोजन, सगळ्यात हलका आणि म्हणूनच सगळ्यात वेगाने सुटणारा.

कार्बन डायॉक्साइडचा रेणू त्याच्या बावीसपट जड. तेवढ्याच वजनात तो हायड्रोजनच्या जेमतेम एक-तृतीयांश जोर देतो. तरीही ही कल्पना मला मोलाची वाटते, कारण मंगळाचं गुरुत्व कमी आहे आणि टाकी जिथे उतराल तिथे पुन्हा भरता येते. एका दरीत उतरा, कॉम्प्रेसर चालू करा, टाकी भरली की पुढच्या ज्वालामुखीकडे उडी.

खरी अडचण भट्टीच्या आत आहे. दोन हजार अंशांच्या पुढे हा वायू फुटू लागतो, मोकळा झालेला ऑक्सिजन ग्रॅफाइटला खातो. नेवाडातल्या भट्ट्यांचा गाभा ग्रॅफाइटचाच होता. म्हणजे इंधनाच्या कांड्या नव्याने घडवायला हव्यात, ऑक्साइडच्या, आधीच ऑक्सिजन पचवलेल्या.

हवा ओढण्याचं काम मात्र मंगळावर होऊन गेलं आहे. २०२१ ते २०२३ या काळात पर्सिव्हरन्स रोव्हरवरचं मॉक्सी हे उपकरण १६ वेळा चाललं. त्याने एकूण १२२ ग्रॅम ऑक्सिजन बनवला. त्यासाठी दर वेळी आधी एक छोटा कॉम्प्रेसर फिरायचा, जेझेरो विवरातली हवा आत घेऊन दाबत.