पेन ड्राइव्ह ‘फॉरमॅट करा’ म्हणतो तेव्हा

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, जिथं कुठं ऐकत असाल तिथं कागद-पेन जवळ घ्या. मधे एक कमांड अक्षर-अक्षर सांगणार आहे.

पेन ड्राइव्ह लावला आणि पडद्यावर पाटी आली, की वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करावी लागेल. खाली दोन बटणं, फॉरमॅट आणि कॅन्सल. लग्नसराईत डीटीपीवाल्याकडं रांग लागलेली असते, मागचा माणूस घाई करत असतो आणि बोट आपसूक पहिल्या बटणाकडं जातं. आजचं बोलणं त्या बोटासाठी आहे. कॅन्सल दाबा. पत्रिका उद्या छापली तरी चालेल.

झालंय काय, ते आधी बघू. पेन ड्राइव्हवर तुमच्या फायली असतात आणि कुठली फाईल कुठल्या कप्प्यात आहे याची एक नोंद असते. बहुतेक वेळा बिघडते ती नोंद. शेताचा उतारा फाटला म्हणून शेत हलत नाही, तसंच हे. फायली जागच्या जागी असतात, संगणकाला त्यांचा पत्ता लागत नाही, म्हणून तो म्हणतो नवा उतारा करू या. आणि तुम्ही हो म्हटलंत, तर तो कोरा उतारा करतो. झटपट फॉरमॅटमध्ये तरी आतला मजकूर बराच शिल्लक राहतो. पूर्ण फॉरमॅट मात्र विंडोज व्हिस्टापासून पुढं सगळीकडं शून्यं भरत जातं. मग तिथून काही काढणं विसरा.

नोंद बिघडते कशानं? फाईल लिहिली जात असताना पेन ड्राइव्ह उपटल्यानं, नाहीतर नेमका तेव्हाच करंट गेल्यानं. पडद्यावरची हिरवी पट्टी पूर्ण भरली म्हणजे लिहून झालं, असं नसतं. २०१८च्या विंडोज १० पासून पेन ड्राइव्ह पटकन काढता यावा अशीच मूळ मांडणी केलेली असते, तरी दिवा लुकलुकत असेल तर थांबा. लिनक्सवर तर ‘इजेक्ट’ केल्याशिवाय हातच लावू नका. तिथं मजकूर बराच वेळ संगणकाच्या मेमरीतच रेंगाळतो.

आता तपासणी. आधी दुसऱ्या पोर्टात लावून बघा, डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूला. पुढचे पोर्ट लांब वायरीनं जोडलेले असतात, त्यात धूळ, ढिलेपणा सगळं आलं. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या मशीन शॉपमधून आलेल्या पेन ड्राइव्हच्या तोंडावर तर तेलाचा आणि बारीक किसाचा थर असतो, तो पुसल्यावरच निम्मे आजार बरे होतात. मग विंडोजमधलं ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. तिथं पेन ड्राइव्ह पूर्ण आकारासह दिसत असेल आणि पुढं ‘रॉ’ लिहिलेलं असेल, तर फक्त नोंद गेली आहे, आशा भरपूर आहे. ‘नो मीडिया’ आलं तर आतल्या कंट्रोलर चिपला मेमरी सापडत नाही. मग घरच्या सॉफ्टवेअरनं काही होणार नाही.

एक वेगळा प्रकार आपल्याकडं फार येतो. झेरॉक्स सेंटरवर पेन ड्राइव्ह लावून आणला, उघडला, तर सगळ्या फोल्डरच्या जागी शॉर्टकट. कोपऱ्यात छोटा बाण. लोक म्हणतात डेटा उडाला. उडालेला नसतो, व्हायरसनं तो लपवलेला असतो, आणि त्या शॉर्टकटवर दोनदा क्लिक केलंत की तो तुमच्याही संगणकात शिरतो. म्हणून क्लिक नको. आता लिहून घ्या. स्टार्टमध्ये सीएमडी लिहून काळी खिडकी उघडा. पेन ड्राइव्हचं अक्षर ई आहे असं धरू, तुमचं दुसरं असेल तर ते घाला, पण सी नको. लिहा: ए, टी, टी, आर, आय, बी. जागा. वजा एच. जागा. वजा आर. जागा. वजा एस. जागा. तिरकी रेघ, एस. जागा. तिरकी रेघ, डी. जागा. ई, कोलन, उलटी तिरकी रेघ, चांदणी, टिंब, चांदणी. एंटर. फायली परत दिसायला लागतील. त्या दुसरीकडं घ्या, शॉर्टकट पुसा, अँटिव्हायरस फिरवा.

परत ‘रॉ’कडं येऊ. कुणीतरी सांगतं, चेकडिस्क चालव, म्हणजे विंडोजचाच डिस्क तपासायचा प्रोग्रॅम. रॉ असेल तर चेकडिस्क चालतच नाही, तसं तो स्वतःच सांगतो. आणि थोडं बिघडलेल्या पेन ड्राइव्हवर चालतो तेव्हा तो त्यावरच लिहितो, सुटे तुकडे गोळा करून सीएचके नावाच्या फायली करून ठेवतो. डेटा महत्त्वाचा नसेल तर खुशाल चालवा. मुलीच्या लग्नाचे फोटो असतील तर आधी पेन ड्राइव्हची अख्खी प्रत काढा. विन थर्टीटू डिस्क इमेजर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात रीड आणि राइट अशी दोन बटणं आहेत. आपल्याला रीड हवं. राइट दाबलंत तर पेन ड्राइव्हवरच लिहिलं जाईल. ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह असेल तर संगणकात ६४ जीबी मोकळी जागा लागते, मग आत दोनच फोटो का असेनात.

प्रत हातात आली, की मग टेस्टडिस्क. हेही फुकट. फॅट थर्टीटू नावाच्या नोंद ठेवायच्या पद्धतीत नोंदीच्या तक्त्याच्या दोन प्रती असतात, आणि पहिल्या सेक्टरचीही, म्हणजे अगदी पहिल्या कप्प्याचीही, एक नक्कल बाजूला ठेवलेली असते. पहिला सेक्टर गेला असेल तर टेस्टडिस्क त्या नकलेवरून तो पुन्हा बसवतं, फायली नावासकट परत येतात. ते जमलं नाही तर त्याचंच भावंड, फोटोरेक. ते नोंदीकडं बघतच नाही, फाईलच्या सुरुवातीची खूण ओळखून उचलतं. त्यामुळं नावं जातात, आकड्यांच्या ढिगातून आपली फाईल शोधत बसावं लागतं. सापडलेलं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवा, त्याच पेन ड्राइव्हवर कधीच नाही.

उद्यमबागच्या मंडळींना इथं एक सांगतो. परत मिळालेला मशीनचा प्रोग्रॅम सरळ जॉबवर, म्हणजे कापायच्या तुकड्यावर, चालवू नका. फाईल तुकड्यातुकड्यांत साठवलेली असेल तर फोटोरेक अर्धीच आणतं. नोटपॅडमध्ये उघडा, फानुक कंट्रोलच्या मशीनचा असेल तर सुरुवातीला आणि शेवटी टक्क्याचं चिन्ह आहे का, शेवटी एम थर्टी आहे का बघा, मधल्या ओळी वाचा, आणि मग ड्राय रन, म्हणजे काही न कापता नुसतं चालवून बघणं. अर्ध्या प्रोग्रॅमवर टूल जॉबमध्ये घुसलं, तर पेन ड्राइव्हच्या किमतीचं कुणी बोलणार नाही.

आणि डीटीपीवाल्यांनो, फाईल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला तर लगेच डोक्याला हात लावू नका. मराठी पत्रिका श्रीलिपीत, कन्नड अर्ज नुडीत, असं आपलं रोजचं काम. जुन्या पद्धतीचा तो फॉन्ट त्या संगणकात नसेल तर चांगली फाईलही तशीच दिसते.

आता बाजारातल्या मालाबद्दल. २००० साली पहिले पेन ड्राइव्ह आले ते ८ एमबीचे होते. आज रस्त्यावर दोन टीबीचा तीनशे रुपयांत मिळतो. मिळतो म्हणजे, वर तसं छापलेलं असतं. आत मेमरी थोडीच, आणि कंट्रोलर संगणकाला खोटा आकडा सांगतो. खरी जागा भरेपर्यंत सगळं नीट, त्यापुढं फायलींची नावं दिसतात पण आत काही नसतं. याला दुरुस्ती नाही. नवा घेतल्याबरोबर, काही भरायच्या आत, एचटूटेस्टडब्ल्यू नावाच्या छोट्या प्रोग्रॅमनं तो काठोकाठ लिहून-वाचून बघा.

‘राइट प्रोटेक्टेड’ असं येत असेल आणि बाजूला बटण नसेल, तर मेमरी झिजलीय आणि कंट्रोलरनं लिहिणं बंद केलंय, असं बऱ्याचदा असतं. वाचता येतंय तोवर सगळं उतरवून घ्या. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे आतल्या सेटिंगांच्या नोंदीत, खटपट करून त्याला पुन्हा कामाला जुंपण्यात माझ्या मते काही अर्थ नाही.

राहिले ऊसवाले. सीझनमध्ये ट्रॅक्टरच्या टेपवर गाणी लागत नाहीत म्हणून पेन ड्राइव्ह दुरुस्तीला येतात, त्यातले कितीतरी धडधाकट असतात. ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह बऱ्याचदा २००६ साली आलेल्या एक्सफॅट पद्धतीत येतो, आणि टेपला कळते ती १९९६ची फॅट थर्टीटू. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीच्या वर तो पर्याय बहुधा दिसत नाही. रूफस नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये मिळतो. गाणी आधी बाजूला काढून ठेवा, आणि मग, हो, इथं फॉरमॅट दाबा.

नमस्कार.