डब्याच्या कोपऱ्यातला १८

हा लाल चौकोन बघा. सांगलीत विश्रामबागच्या बाजूला एक बारकं दुकान आहे, गेमच्या जुन्या-नव्या डिस्क घेतात-विकतात, त्याच्या काउंटरवरचा हा डबा. कोपऱ्यात १८, म्हणजे हा गेम अठराच्या खालच्या पोरांसाठी नाही. मागच्या बाजूला चित्रं आहेत, मूठ म्हणजे हाणामारी, कोळी म्हणजे भीती, फासे म्हणजे जुगार. ३ आणि ७ हिरवे, १२ आणि १६ केशरी, १८ लाल. सिग्नलसारखंच, फक्त इथं मामा उभा नाही.

शिक्का युरोपचा, पेगी म्हणजे गेमला वयाचं रेटिंग द्यायची तिकडची पद्धत, २००३ पासूनची. पण हे प्रकरण सुरू झालं अमेरिकेत, डिसेंबर १९९३ ला. मॉर्टल कॉम्बॅट नावाचा मारामारीचा गेम तेव्हा घराघरात गेलेला, त्यात हरलेल्याचं मुंडकं मणक्यासकट उपटता यायचं आणि पोरं तेवढ्यासाठी बटणांचा क्रम पाठ करायची. लीबरमन आणि कोल ह्या सिनेटरांनी सुनावणी लावली. तिथं सेगा आणि निन्टेन्डो ह्या गेमच्या कंपन्यांची माणसं एकमेकांवरच घसरली, पण रेटिंग तुम्ही आणा नाहीतर आम्ही कायदा आणतो म्हटल्यावर सगळे सरळ झाले आणि १९९४ ला ईएसआरबी हे गेमला रेटिंग देणारं मंडळ उभं राहिलं. तिथं आजही रेटिंग इंडस्ट्रीच देते. कॅलिफोर्नियानं हाणामारीचे गेम पोरांना विकण्यावर बंदीचा कायदा केलेला, तो २०११ ला सुप्रीम कोर्टानं उडवला. ब्रिटननं मात्र २०१२ पासून १२, १६, १८ ला कायद्यात बसवलं, त्या वयाखालच्या पोराला विकलं की दुकानदारावर गुन्हा.

आता हे दप्तर पाठीवर असलेलं पोरगं. शाळा नुकतीच सुटलीय. "काका, ह्यो केवढ्याला?" एवढंच विचारतंय. काका किंमत सांगतात. वय विचारायची सक्तीच नाही तर विचारणार कशाला? पिक्चरला आपल्याकडं सेन्सॉर आहे, २०२४ ला यूएचे पण ७, १३, १६ असे तुकडे पाडले, ह्या डब्यासाठी काय नाही. २०२५ चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा मुख्यतः पैसे लावून खेळायच्या गेमच्या मागं लागलाय. प्ले स्टोअरवर वय दिसतं खरं, पण तिथं प्रश्नावली गेम बनवणाराच भरतो. घरी पुढं काय होतं ते आईबाप जाणोत.

काकांचं म्हणणं सरळ आहे. नियम करा, उद्या बोर्ड लावतो. आज मी एकट्यानं लावला तर गिऱ्हाईक पलीकडच्या गल्लीत जातंय.