सेवाग्राम ते चिखलदरा, सायकलवर

[दृश्य: सकाळ. कापसाची वेचणी चाललेलं शेत, बाजूने अरुंद डांबरी रस्ता.]

विदर्भात सायकलवर लांब जायचं तर आधी महिना ठरवावा लागतो. एप्रिल-मे बाद. पारा 45 च्या आसपास असताना दुपारी रस्त्यावर राहणं जिवावरचं काम आहे. पावसाळ्यात पांदणीत शिरलात की काळी माती चाकाला धरते, मडगार्ड आणि टायरच्या मध्ये चिखल घट्ट बसतो आणि सायकल ढकलतासुद्धा येत नाही. उरले नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पऱ्हाटी फुटलेली, तूर फुलोऱ्यावर, वरुड-मोर्शीकडून संत्र्याच्या गाड्या निघालेल्या, पहाटे स्वेटरशिवाय बाहेर पडवत नाही. पहिल्या प्रवासाला याहून चांगले दिवस नाहीत.

वाट अशी: सेवाग्रामहून आर्वी, वर्धा नदी ओलांडून कौंडण्यपूर, मग मोझरी, अमरावती, परतवाडा आणि शेवटी चिखलदरा. सगळं मिळून 200 किलोमीटरच्या थोडं वर. समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातूनच जातो, पण त्यावर सायकल चालत नाही, मोटरसायकलही नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आपल्याला गावं लागणारा रस्ता हवा आहे.

[दृश्य: सेवाग्राम आश्रमाचं आवार, कुडाच्या भिंती.]

गांधीजी 1936 मध्ये इथे राहायला आले. 1951 च्या मार्चमध्ये याच परिसरातून विनोबा पायी निघाले, हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला. 18 एप्रिलला पोचमपल्लीत त्यांना पहिलं भूदान मिळालं. आपल्या वाटेवरचं कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर. तिथून दरवर्षी आषाढीसाठी पालखी पंढरपूरला पायी जाते, शेगावहून गजानन महाराजांची जाते. टप्प्याटप्प्याने लांब कसं जायचं, हे इथल्या माणसाला नव्याने शिकवावं लागत नाही. दिंडीत आज किती कोस हा प्रश्न मागून येतो. मुक्काम कुठे, पाणी कुठे, जेवण कुणाकडे, हे आधी ठरलेलं असतं. सायकलच्या प्रवासाची आखणीही अशीच करावी, असं आम्हाला मनापासून वाटतं. नकाशावर अंतर मोजत बसणारा माणूस पहिल्याच दिवशी 100 किलोमीटर लिहून टाकतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला गादीवर बसवत नाही.

सामान लादलेली सायकल तासाला 12 ते 15 किलोमीटर जाते. डिसेंबरात इथे पावणेसातला उजाडतं आणि साडेपाच-पावणेसहाला सूर्य मावळतो. त्यातून जेवण, विसावा, एखादं पंक्चर आणि पारावरच्या गप्पा वजा करा. दिवसाला 50 किलोमीटर भरपूर झाले. सकाळी वारा पडलेला असतो, तेव्हाच निम्म्याहून जास्त अंतर कापून घ्या. अंधारात चालवूच नका. कापसाने ओसंडणाऱ्या ट्रॉल्या जिनिंगकडे निघालेल्या असतात, बऱ्याचशांना मागे लाल दिवा नसतो, आणि त्या चुकवायला कडेला उतरावं तर डांबराची कड हातभर खोल.

सेवाग्रामहून निघालात तर पहिला मुक्काम आर्वी, दुसरा मोझरी. मोझरीला तुकडोजी महाराजांनी 1935 मध्ये उभारलेला गुरुकुंज आश्रम आहे. राहण्याचं आधी फोनवर विचारून ठेवा. आडगावात वेळ आलीच तर पोलीस पाटलाला किंवा सरपंचाला भेटा, समाजमंदिर नाहीतर शाळेचा व्हरांडा मिळतो. "कुठी चालले जी एवढं ओझं घेऊन?" हा प्रश्न प्रत्येक टपरीवर येणार. थांबून नीट उत्तर द्या. पुढचा पूल खचलाय की नाही, हे नकाशाआधी त्या टपरीवर कळतं.

[दृश्य: जवळून. घमेल्यात पाणी, त्यात बुडवलेली ट्यूब, बुडबुड्यांची बारीक रांग.]

आता पंक्चर. विदर्भात ते होतंच, कारण धुऱ्यावर बाभूळ आहे आणि रस्त्याच्या कडेला सराटा. पॅच लावणं सोपं आहे: भोकाभोवती पॉलिश पेपर घासायचा, सोल्यूशन लावून ते वाळू द्यायचं, मग पॅच दाबायचा. चुकतं ते पुढे. ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून कापसाचा बोळा हळूहळू फिरवा. काट्याचं मोडलेलं टोक बोटाला लागत नाही, पण कापूस तिथे अडकतो. ते टोक चिमट्याने उपसून काढल्याशिवाय ट्यूब घालू नका, नाहीतर दोन फर्लांगावर पुन्हा खाली बसाल.

मोटरसायकलचं पंक्चर काढणारा जवळपास प्रत्येक फाट्यावर भेटतो. त्याच्या नळीचं तोंड जाड वॉल्व्हला बसतं. तुमच्या सायकलला बारीक वॉल्व्ह असेल तर पितळी अडॅप्टर खिशात ठेवा. जुन्या काळ्या सायकलला वॉल ट्यूबचे, म्हणजे वॉल्व्हवर चढवायच्या बारीक रबरी नळीचे, दोन तुकडे पुरतात. गिअरच्या सायकलचं टायर-ट्यूब गावात मिळेलच असं नाही, म्हणून दोन ट्यूब सोबत हव्यात. आणि निघण्याआधी मागच्या चाकाचा आउट काढून घ्या, म्हणजे स्पोक आवळून चाक सरळ फिरेल असं करून घ्या. ओझं त्याच चाकावर येतं आणि स्पोकही बहुधा तिथलेच तुटतात.

ओझं कसं बांधायचं, ते दूधवाल्याकडे बघा: दोन कॅन, दोन्ही बाजूंना, खाली लोंबते, वजन सारखं. पाठीवर पिशवी नको. सगळं मिळून 10-12 किलोत बसवा. जाड ब्लँकेट मात्र वगळू नका, शेतशिवारातली डिसेंबरची रात्र थंड असते.

निघण्याच्या पंधरवडा आधी, हेच ओझं लादून, तीसेक किलोमीटरवरच्या मावशीच्या गावी एक रात्र राहून या. कॅरिअरचा ढिला नट, टोचणारी गादी, उगाच घेतलेली दुसरी चप्पल, सगळं तिथेच समजतं.

[दृश्य: परतवाड्यापुढे वळणावळणाचा रस्ता, सागाची झाडं.]

अमरावतीहून परतवाडा साधारण 50 किलोमीटर, रस्ता बऱ्यापैकी सपाट. थकवा वाटला तर अमरावतीत एक दिवस जास्त राहा, किंवा तिथेच प्रवास संपवा. बडनेऱ्याहून वर्ध्याला रेल्वे आहे. घाट पुढच्या हिवाळ्यातही असेल.

चढायचं ठरलं तर परतवाड्याहून उजाडताच निघा. तीसेक किलोमीटरमध्ये सुमारे 700 मीटर चढ आहे. गाठीला गूळ-शेंगदाणे, आणि लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. सगळ्यात हलका गिअर सुरुवातीलाच टाका, पाय भरून आल्यावर नाही. उतरून ढकलण्यात कमीपणा नाही, फक्त डावी बाजू सोडू नका आणि वळणावर थांबू नका. जंगलाचा रस्ता आहे, दुपार टळण्याआधी वर पोहोचा.

दुसऱ्या दिवशी उतरण्याआधी ब्रेकचे रबर तपासा. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका, रिम तापते. दाबा, सोडा, पुन्हा दाबा. मध्ये दोनदा थांबून चाक गार होऊ द्या.